अकरा विहिरींचं पाणी

डाळ तीन तास चुलीवर होती आणि अजून बोटांखाली खड्यासारखी लागत होती.

"चाचा, ही आज शिजणार आहे का?" देवस्थळी साहेबांनी तंबूच्या दारातून तिसऱ्यांदा विचारलं.

"साहेब, लाकडं संपली, पण हिची अकड काही जात नाही," असं म्हणून मुनीरचाचांनी पळी पातेल्यात टाकली आणि ते बाजूला झाले. मुनीरचाचा आमच्या ड्रिलिंग मशीनचे फोरमन. जमिनीत खोलवर अडकलेली नळी नुसत्या हाताच्या अंदाजाने सोडवणारा माणूस. पण त्या दुपारी तुरीच्या डाळीपुढे त्यांनी हात टेकले. आमचा रोजचा स्वयंपाक करणाऱ्या गयाबाई संक्रांतीसाठी बहिणीच्या गावी गेल्या होत्या, म्हणून ही वेळ आली होती.

शेवटी भात आणि लोणच्यावर भागवलं.  साहेब रागावले की चष्मा पुसत बसत. त्या दिवशी त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

ही शहाऐंशी सालच्या जानेवारीतली गोष्ट. वणीच्या बाजूला, वर्धा नदीपासून थोडं आत, कवठाळी नावाचं दीडशे घरांचं गाव. गावाच्या पश्चिमेला साठ मीटर खोलीवर कोळशाचा चौदा मीटर जाडीचा थर सापडला होता आणि तिथे उघडी खाण काढायचा बेत होता. देवस्थळी साहेब त्या कामावरचे मुख्य भूवैज्ञानिक, मूळचे पुण्याचे. मी शैला जगदाळे, फलटणची, सव्वीस वर्षांची. शेतकी कॉलेजात मातीचा अभ्यास करून नुकतीच नोकरीला लागले होते. खाणीसाठी जी जमीन उकरायची, तिथे वरची माती कसली आहे, किती खोल आहे, हे खड्डे घेऊन नोंदवायचं, एवढं माझं काम. म्हणजे ती माती आधी खरवडून बाजूला रचून ठेवता येते.

खाणीच्या भाषेत कोळशाच्या वर जे काही असतं, माती, मुरूम, दगड, त्या सगळ्याला एकच नाव. ओझं. साहेब विचारायचे, "जगदाळेबाई, आजचं ओझं किती?" मी सांगायची, "सर, काळी माती सव्वादोन मीटर. फार सुंदर आहे, एक दगड नाही." ते वहीत लिहायचे, "ओझं, सव्वादोन." सहा आठवड्यांत यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं.

साहेबांच्या नकाशावर पश्चिमेला कोळशाची हद्द पक्क्या रेषेने काढलेली होती, कारण तिथे नऊ भोकं पाडून झाली होती. पूर्वेला मात्र ती रेषा तुटक होती. तिकडे मशीन गेलंच नव्हतं, उभ्या पिकात ते घालू द्यायला गावातलं कोणी तयार नव्हतं. पण पश्चिमेकडून एकसारखा येणारा थर मध्येच कशाला थांबेल, असं धरून ती तुटक रेषा गावाखालून पलीकडच्या शेतांपर्यंत नेली होती. तिच्या आत सबंध कवठाळी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाबाई परत आल्या. पंचेचाळिशीची ताठ बाई, आवाज दोन शेतं ओलांडून जाईल असा. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. गावाच्या पूर्वेला त्यांची तीन एकर जमीन होती. आल्या आल्या त्यांनी कोपऱ्यातलं पातेलं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"चाचा, पानी कुठलं घेतलं होतं?"

"ही काय, समोरची विहीर."

"या विहिरीच्या पान्यात डाळ शिजते का कधी? दिवसभर जाळ लावा ना! म्हणून तर मी रोज धुमणेच्या विहिरीवर जाते. तुमाले काय वाटलं, मले हिंडाची हौस हाये?"

मी खड्ड्यावर निघाले होते, ती थांबले. रोज सकाळी समोरची भरलेली विहीर सोडून ही बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन गावाच्या पार पश्चिमेला का जाते, हे मी सहा आठवडे बघत होते आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"गयाबाई, फक्त या एका विहिरीचं पाणी असं आहे का?"

"नाही वं बाई. या अंगाच्या साऱ्याच विहिरी जड पान्याच्या. डाळ शिजत नाही, साबनाले फेस येत नाही. त्या अंगाच्या हलक्या. इकडच्या बाया वरनाचं पानी तिकडून आनतात, बाकी साऱ्याले हे चालते."

"आणि हे अंग कुठे संपतं, ते अंग कुठे सुरू होतं?"

गयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सूर्य कुठून उगवतो असं विचारलं होतं. "हनुमानाच्या पारापाशी, घरं सरतात तिथं. पाराच्या अलीकडं सुभद्राची विहीर जड, पलीकडं पन्नास पावलांवर बोढ्याच्या वावरातली हलकी."

पन्नास पावलं. मी तिथेच मातीच्या पिशव्यांवर बसले. पाणी जड होतं ते चुन्यामुळे. काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे सगळीकडेच असतात, म्हणून पूर्वेच्या मातीवर आम्लाचा थेंब टाकला की ती फसफसते, याचं मला काही वाटलं नव्हतं. पण माती तर दोन्ही अंगांना तीच. मग पन्नास पावलांत पाणी बदलत असेल, तर विहिरीच्या तळाचा दगड बदलत असला पाहिजे. आणि या भागात कोळशाच्या वर असतो वाळूचा दगड. चुन्याचा दगड नव्हे.

गावातल्या सगळ्या विहिरी जुन्या, तळापर्यंत चिऱ्यांनी बांधलेल्या. आत डोकावून दगड दिसायची सोय नव्हती.

"गयाबाई," मी म्हटलं, "गावात एकूण विहिरी किती?"

"अकरा."

"अकराही विहिरींच्या पाण्यात डाळ शिजवून बघायची आहे. एकाच वेळी. कराल का?"

 त्या कंबरेला पदर खोचत म्हणाल्या, "मजा करून राहिली का पोरी? बरं, करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हनुमानाच्या पारासमोर तीन-तीन दगडांच्या अकरा चुली मांडल्या होत्या. अकरा घरच्या अकरा बाया आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन आल्या होत्या. मी प्रत्येक गंजावर, म्हणजे पातेल्यावर, खडूने आकडा घातला, प्रत्येकात मापून दोन पेले पाणी आणि एक मूठ नवी तुरीची डाळ. मूठ गयाबाईंचीच, म्हणजे लहानमोठी व्हायला नको.

"मॅडम डाळीची परीक्षा घेऊन राहिली," कोणी तरी ओरडलं.

"पहिला नंबर आला तर बक्षीस काय?"

"पहिल्या नंबरच्या विहिरीवर देवस्थळी साहेब स्वतः पानी भरते!" गयाबाईंनी सांगितलं आणि पारावरच्या म्हाताऱ्यांसकट सगळे खिदळले.

मी घड्याळ धरून बसले. मातीचे नमुने तपासताना मी कधी इतकी घाबरले नव्हते. तासाभराने गयाबाई पळी घेऊन पहिल्या चुलीपासून निघाल्या. एकेक दाणा दोन बोटांत दाबून आकडा सांगायच्या, मी वहीत लिहायची. एक, शिजली. दोन, शिजली. तीन, शिजली. चार, कच्ची. पाच, कच्ची. सहा, कच्ची. सात...

"शिजली," गयाबाई म्हणाल्या आणि त्यांचाच चेहरा पडला.

सात नंबर सुभद्राचा होता. पाराच्या अलीकडची विहीर, जड पाण्याच्या बाजूची. ती हलकी निघाली तर माझी रेषा तिथेच मोडत होती. मी पुन्हा दाबून पाहिलं. लोण्यासारखी मऊ डाळ. बाकीच्या चार मी कशाबशा लिहिल्या. त्यातल्या दोन शिजल्या, दोन कच्च्या. डोकं नुसतं सातावर अडकलं होतं.

गयाबाईंनी सात नंबरच्या गंजातलं बोटभर पाणी जिभेवर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि कंबरेवर हात ठेवले. "सुभद्रा, काय टाकलं यात?"

"काही नाही."

"माय, खरं सांग. तुले हनुमानाची आन."

सुभद्रा रडवेली झाली. "चिमूटभर सोडा टाकला जी. साऱ्या गावापुढं माह्याच विहिरीले नावं ठेवतील म्हनून."

जो हशा उसळला तो मला आजही ऐकू येतो. गयाबाई खाली बसून हसत होत्या, सुभद्रा रडता रडता हसायला लागली. मी उठून तिला मिठीच मारली. फलटणच्या घरात मी सख्ख्या बहिणीलाही कधी अशी मिठी मारली नव्हती. तिच्या विहिरीचं ताजं पाणी आणून सातवा गंज पुन्हा चढवला. तासाभराने डाळ दगडासारखी कच्ची. सुभद्राने हात वर करून सगळ्यांना ते दाणे दाखवले.

संध्याकाळच्या उन्हात मी नकाशा साहेबांपुढे पसरला. पाच विहिरींवर निळी टिंबं, सहांवर लाल. निळी सगळी एका बाजूला, लाल सगळी दुसऱ्या बाजूला. मध्ये मी पट्टी ठेवली.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं. रेषेच्या पूर्वेला एक भोक घेऊन बघू या, असंही म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"जगदाळेबाई, मी वरच्या ऑफिसला काय कळवू? डाळ शिजली नाही म्हणून एक जादा भोक घेतलं?"

"पाण्याच्या जडपणावरून घेतलं असं कळवा, सर. खोटं नाही ते."

ते चष्मा पुसत राहिले. मी जायला वळले, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा. पट्टी तशीच राहू द्या." त्यांनी खाली वाकून ती रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने पाहिली. "इतकी सरळ. जमिनीच्या पोटात इतकी सरळ रेष आपोआप पडत नाही. भ्रंश असेल. जमिनीला चीर गेली, हा पश्चिमेचा भाग खाली बसला, पूर्वेचा वर राहिला. खाली बसला त्यातला कोळसा टिकला. वर राहिला त्यातला युगानुयुगं धुऊन गेला आणि खालचा जुना चुन्याचा दगड वर आला." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चुन्याचा दगड इथून दहा मैलांवर उघडा दिसतो, मी स्वतः पाहिलाय. तो इथपर्यंत येत असेल हे माझ्या मनातच आलं नाही."

"सर, मग भोक?"

"मशीन शनिवारी पैनगंगेकडे जायचंय. आज सोमवार. रेषेच्या पूर्वेला कोणाच्या शेतात जागा मिळवा, म्हणजे बघू."

जागा द्यायला निघाल्या गयाबाईच. पण मी त्यांना फसवणार नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेतात तुरीच्या ओळीत उभी राहून मी सगळं सांगितलं. "इथे चुन्याचा दगड लागला तर कोळसा नाही, गाव राहील. पण माझा अंदाज चुकला आणि कोळसा लागला, तर तो तुमच्याच शेतात, तुमच्याच परवानगीने सापडला असं होईल. मग ती तुटक रेषा पक्की होईल."

त्यांचे दीर उद्धवभाऊ शेजारच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे होते. ते पुढे आले. "वहिनी, डोकं फिरलं का? तीन वर्षं आपन याइले मशीन घालू नाही दिली. अन् तुम्ही सोताच्या हातानं दाखवून राहिल्या, या, इथं खोदा म्हनून? अन् मॅडम, तुमचं काय जाते? तुमची बदली होईन. आमचं गाव जाईन."

त्यांचं म्हणणं खरं होतं.

गयाबाई तुरीच्या शेंगा हाताने चाचपत होत्या. "भाऊजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "आज आपल्या गावाखाली कोळसा हाये का नाही, कोनालेच ठाऊक नाही. तरी गाव जाऊन राहिलं. कागदावर तुटक तुटक रेघ हाये म्हने. निघाला तर निघाला, मी जाईन. पन नुसत्या अंदाजानं नाही जात मी."

आणि विळा घेऊन त्यांनी मशीनच्या वाटेतली तूर स्वतः कापायला सुरुवात केली. थोड्या वेळाने उद्धवभाऊ बडबडत दुसऱ्या टोकाने कापायला लागले. "अशी आडवी नाही कापत, दाने सांडतात," एवढंच ते म्हणाले.

बुधवारी सकाळी मशीन सुरू झालं. पोकळ नळी जमिनीत फिरत जाते आणि तिच्या पोटात मातीचा, दगडाचा लांब दांडा अडकून वर येतो. त्यावर खालचं सगळं क्रमाने दिसतं. शेताच्या कडेला सगळं गाव येऊन बसलं. मुनीरचाचा दांडा लाकडी खोक्यात मांडत, मी नोंद घेत होते. दोन मीटर काळी माती. मग पिवळी चिकण. मग चुनखडीचे खडे. सात मीटरवर चाचांनी नळी उपसली, ठोकली, आणि खोक्यात काहीतरी घरंगळलं.

काळं. ओलं, चकचकीत, काळंभोर.

"कोळसा," कोणी तरी पुटपुटलं.  उद्धवभाऊंनी गयाबाईंकडे पाहिलं आणि मान फिरवली.  मी तो तुकडा उचलला आणि माझ्या बोटांनी मला आधी सांगितलं. हे माझ्या ओळखीचं होतं. दाबलं की ठसा उमटत होता. मोडलं, तर आत केसांसारख्या मुळ्यांच्या खुणा आणि नखाएवढ्या शंखांचा चुरा.

"माती आहे," मी म्हटलं. मग सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने. "माती आहे ही! जुनी माती. कधी काळी नदी इकडून जात असेल, तेव्हाची दलदल. वर गाळ साचत गेला आणि ही खाली पुरली गेली."

"लोकांना असं पटायचं नाही, बेटी," मुनीरचाचा म्हणाले. त्यांनी एक तुकडा घेतला, गयाबाईंनी चहासाठी पेटवलेल्या चुलीत सरळ निखाऱ्यांवर टाकला आणि सगळ्यांना जवळ बोलावलं. दहा मिनिटं आम्ही सगळे एका चुलीकडे टक लावून होतो. तुकडा पेटला नाही. सुकला, तडकला, आणि हळूहळू विटेसारखा तांबूस झाला.

"हे तं गाडगं झालं!" सुभद्रा ओरडली.

अकरा मीटरवर मशीनचा सूर बदलला. इतका वेळ घरघर होती, आता कर्कश किरकिर. चाचांनी कान लावला आणि बोट वर केलं. "दगड. आणि वाळूचा नाही, साहेब. वाळूचा असा रडत नाही."

दांडा वर आला तो राखाडी, गुळगुळीत, गच्च. देवस्थळी साहेबांनी आम्लाची बाटली खिशातून काढली. मला वाटलं, ते स्वतः थेंब टाकतील. त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली. मी ती गयाबाईंच्या हातात दिली. "सांभाळून. हाताला लागू देऊ नका. फक्त एक थेंब."

थेंब पडला, आणि दगड फसफसून उकळला. दूध उतू जाताना येतो तसा पांढरा फेस.

लोक उठले. पण साहेबांनी हात वर केला. "अजून नाही. हा एखादा धोंडा असू शकतो. मी नव्वद मीटर जाणार आहे. तोवर कोणी काही बोलायचं नाही."

अडीच दिवस लागले. वीस मीटर, चुन्याचा दगड. चाळीस, चुन्याचा दगड. पश्चिमेला ज्या साठ मीटरवर कोळसा लागायचा, तिथेही तोच राखाडी, फसफसणारा दगड. गाव शेतातून हललं नाही. बायांनी तिथेच भाकरी थापल्या, माणसांनी तिथेच तूर झोडपली. शनिवारी सकाळी नव्वद मीटर पूर्ण झाले. चाचांनी मशीन बंद केलं आणि एकदम इतकी शांतता झाली की धुऱ्यावरचे पोपट ऐकू आले.

साहेब खोक्यांच्या ओळीसमोरून एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मग नकाशा खोक्यावर पसरला, खोडरबर घेतला आणि ती तुटक रेषा सगळ्यांसमोर, गावाच्या पश्चिमेपर्यंत, खोडून टाकली. रबराचा चुरा फुंकला.

"इथे कोळसा नाही," ते म्हणाले. "हा दगड कोळशाहून कितीतरी जुना आहे, त्यामुळे त्याच्या खालीही असणार नाही. कवठाळी आहे तिथेच राहील."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग सुभद्राने जी किंकाळी फोडली, तिने सगळे भानावर आले. कोणी कोणाला मिठ्या मारत होतं, कोणी मातीत लोळत होतं. म्हाताऱ्या सरपंचांनी मुनीरचाचांना उचलून घेण्याचा प्रयत्न केला आणि दोघंही तुरीच्या गंजीत पडले. गयाबाई मात्र खाली बसल्या होत्या, दोन्ही तळवे जमिनीला टेकून. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "काही नाही वं.  बस जराशी माह्याजवळ."

रविवारी भर दुपारी त्याच शेतात रोडगे झाले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून तुपात बुडवलेले, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. देवस्थळी साहेबांना खुर्ची आणली होती. गयाबाईंनी ती उचलून बाजूला ठेवली. "साहेब, रोडगे खुर्चीवर बसून घशाखाली उतरत नाहीत." साहेब मुकाट्याने मांडी घालून बसले आणि चार रोडगे खाल्ले. चौथ्याला त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते भाजीच्या तिखटाचंच, असा त्यांचा आग्रह होता.

सगळंच काही सुटलं नव्हतं. पश्चिमेची शेतं जाणार होती. उद्धवभाऊंची दोन एकर त्यात होती, आणि धुमणेची विहीरही. हलक्या पाण्याच्या पाचही विहिरी पुढे-मागे खाणीत जाणार, हे बायांच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. जेवण चालू असतानाच त्यांनी साहेबांना घेरलं. नळाने हलकं पाणी गावात आणून देण्याची अट अहवालात लिहितो, असं त्यांनी कबूल केल्यावरच त्यांच्या पानात पाचवा रोडगा पडला. पुढे तो नळ आला. दोन वर्षं उशिरा, पण आला.

सोमवारी आम्ही निघणार होतो. पहाट सरताना मला ठकठक आवाजाने जाग आली. आधी वाटलं, तंबू उतरवत असतील. मग लक्षात आलं, आवाज गावातून येतोय, आणि एका घरातून नाही. मी शाल गुंडाळून बाहेर पडले. एका गल्लीत कोणी जुनी भिंत पाडत होतं. दुसऱ्या दारात विटा उतरत होत्या. कोणी छपरावर चढून कवेलू बदलत होतं. सुभद्राच्या अंगणात चुना कालवलेला होता.

गयाबाई हंडा घेऊन येताना भेटल्या. "आज काय आहे गावात?" मी विचारलं.

"काय असन? तीन वर्षं झाली, गावात कोनी वीट नाही लावली. जानाऱ्या गावाले कोन घर बांधते? छपरं गळत तं गळू दिली. पोरीइची लग्नं अडली, या गावात सोयरीक कराले कोनी येत नव्हतं. आता तुले दिसन एकेक."

गावाच्या पूर्वेच्या टोकाला उद्धवभाऊ एका मोकळ्या जागेत पाया खणत होते. कंबरेपर्यंत खाली उतरलेले, अंग घामाने भिजलेलं. मला पाहून थांबले. शेतातल्या त्या बोलण्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

"पोराचं घर," ते म्हणाले. मग कुदळीच्या दांड्यावर हनुवटी टेकून खाली मातीकडे बघत राहिले. "मॅडम, तुमाले मातीतलं समजते. इथं पाया किती खोल घेऊ?"

त्या माणसाच्या सात पिढ्यांनी या काळ्या मातीत घरं बांधली होती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वर उभी केलेली भिंत तडकवते, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तरी ते विचारत होते, आणि उत्तराची वाट बघत होते. नोकरीला लागल्यापासून मातीबद्दल मला सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला होता, ती काढायला किती लागेल. तिच्यावर काय उभं करता येईल, हे विचारणारा पहिला माणूस खड्ड्यात उभा होता.

पुढे एकतीस वर्षं मी हेच काम केलं, गावोगावी, आणि कोणत्याही खाणीत मशीनच्या आधी खड्डे घ्यायला गेले. पण त्या सकाळी मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मी शाल काठावर ठेवली, चपला काढल्या आणि खाली उतरले.

"काळी पूर्ण संपू द्या," मी म्हटलं, "पिवळी लागेपर्यंत. आणा ती कुदळ इकडे."

"जमन का तुमाले?"

"आणा तर."

ते हसले, आणि त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली.